दार कुणाचं, छत कुणाचं

आठल्येकाकू लाकडी गाडीत बसल्या आणि त्यांचा अंबाडा छताला टेकला.

"टेकतोय," काकू म्हणाल्या.

"मान सरळ ठेव," बाहेरून आठल्ये मास्तर म्हणाले.

"सरळच आहे. वाईपर्यंत अशीच बसू का मी? उतरल्यावर मानेला शेक द्यावा लागेल."

मास्तरांनी खिशातून खडू काढला, छताच्या फळीवर खूण केली आणि मला म्हणाले, "डोईफोडे, मोज." मी टेप लावली. पंचेचाळीस मिलिमीटर कमी पडत होते.

हे सत्त्याऐंशी सालचं. पिंपरीजवळच्या आमच्या कारखान्यात तोवर तीनचाकी टेम्पो निघायचे, मोटारगाडी पहिल्यांदाच होणार होती. तिचं रूप इटलीतल्या तुरिन शहरातल्या एका डिझाइन कंपनीकडून विकत घेतलेलं. कागदावर फार देखणी दिसायची, पण मागच्या सीटवर माणसं बसतात हे त्या डिझायनरच्या गावीही नव्हतं. मास्तर ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा ड्राफ्ट्समन. त्यांनी सुतारखात्याकडून गाडीचा लाकडी सांगाडा करून घेतला आणि रविवारी बायकोला घेऊन आले, कारण अंबाडा घालणारं दुसरं कुणी कारखान्यात नव्हतं.

छत वर गेलं. ते गेलं म्हणून मागची काच उभी करावी लागली, आणि काच उभी झाली म्हणून पाठीची सगळी रेषाच बदलली. तीन महिने मास्तर वाकून बसले होते. एक्केचाळीस ड्रॉइंगं झाली, आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत, काढणाऱ्याच्या रकान्यात, त्यांची सही: चिं. आ. बाकीचे रकाने इंग्रजीत आणि सही मराठीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बँकेत चालते, मग इथे का चालू नये?"

त्यांनी ऑफिसची नियमांची वही स्वतःच्या हाताने लिहिली होती. तिच्यातला अकरावा नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता. ज्याचं ड्रॉइंग, त्यानेच ते बदलायचं आणि त्यानेच रद्द करायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. एकदा जनरल मॅनेजर सरपोतदारसाहेबांनी पेन्सिलीने एक माप बदललं, तर मास्तरांनी ते खोडरबराने पुसून कागद त्यांच्या टेबलावर परत पाठवला होता. सरपोतदार ते विसरणाऱ्यांपैकी नव्हते.

मागच्या दाराला मात्र मास्तरांनी हात लावला नव्हता. ते तुरिनहून आलं तसंच ठेवलं होतं. दार बंद झालं की त्याचं लॉक दाराच्या चौकटीतल्या खांबावरच्या एका लोखंडी खुंटीला धरतं. तुरिनवाल्यांनी ती खुंटी बारा मिलिमीटर जाडीची ठेवली होती. खराब रस्त्यावर गाडी पिळवटली की लॉक खुंटीवरून सुटायचं. चाचणीत दोनदा दार उघडलं. मास्तरांनी नव्या खुंटीची आकृती मापांसकट काढून चिठ्ठी लिहिली: खुंटी अठराची करावी, नाहीतर माणूस पडेल. ती घेऊन ते साहेबांकडे गेले, मी बरोबर होतो.

"तुरिनची परवानगी मागवायची म्हणजे चार महिने गेले," सरपोतदार म्हणाले. "इटलीत उघडत नाही ते दार इथे कसं उघडेल?"

"इटलीत खेड-शिवापूरचा रस्ता नाही," मास्तर म्हणाले.

चिठ्ठी परत आली. मास्तरांनी ती मला फायलीला लावायला सांगितली.

पुढे दीड महिन्याने साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. टेबलावर गाडीचं रंगीत माहितीपत्रक होतं.

"डोईफोडे, ही गाडी कुठली?"

"आपली, साहेब."

"चूक. ही इटालियन आहे. पिंपरीची गाडी म्हटलं तर लोक टेम्पोला पत्रा ठोकलाय म्हणतील. सोमवारी तुरिनची माणसं येतायत, सगळ्या ड्रॉइंगांवर त्यांचा शिक्का बसणार. करारच तसा आहे. त्या आधी कोपऱ्यातलं ते चिं. आ. काढून टाका."

"नियमाप्रमाणे मास्तरांनीच..."

"आठल्ये पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. त्यांच्या जागेवर मला नाव द्यायचंय." ते माहितीपत्रक चाळत बोलत होते. "तुमचं अक्षर स्वच्छ आहे म्हणतात."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "सोमवारपर्यंत होईल."

ट्रेसिंग कागदावरची शाई रबराने जात नाही. दाढीची ब्लेड अर्धी मोडायची आणि हलक्या हाताने खरवडायची. हे मला मास्तरांनीच शिकवलं होतं. शुक्रवार, शनिवार, रविवार मी तेच करत बसलो. शाईचा काळा भुगा नखांत जायचा. शेजारच्या खोलीत प्रिंटचं मशिन चालायचं, त्या अमोनियाचा मुतारीसारखा भपकारा सगळीकडे भरलेला असायचा. पंधरा वर्षांत मला तो कधी जाणवला नव्हता. त्या तीन दिवसांत मी डबा तसाच घरी परत नेला, आणि स्वतःला सांगत होतो की हे अमोनियामुळे होतंय.

रविवारी दुपारी मास्तर आले. चष्म्याचं घर विसरलं होतं म्हणे. मी छताच्या ड्रॉइंगवर होतो, 'चिं' गेला होता आणि 'आ' शिल्लक होता. लपवायला वेळच मिळाला नाही. ते माझ्या मागे उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

"ब्लेड बदल," ते म्हणाले. "धार गेली की कागद फाटतो."

आणि चष्म्याचं घर घेऊन गेले.

निरोपसमारंभात कंपनीने त्यांना गाडीचं पितळी मॉडेल दिलं. खाली कोरलं होतं, 'तुरिनमध्ये रेखाटलेली'. सरपोतदारांनी ते त्यांच्या हातात देताना फोटो काढून घेतला, हसून. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या खुर्चीत बसलो.

गाडीचं नाव ठेवलं लुचिया. कामगार तिला लुच्ची म्हणत. जाहिरात आली, तिच्यात गाडीचा पाठमोरा फोटो आणि खाली ओळ: छताची ही डौलदार रेषा फक्त इटालियन हातच काढू जाणे. कँटीनमध्ये त्यावर रोज वाद. कुणी म्हणे, जिथे बनली तिथली गाडी. कुणी म्हणे, ज्याने आखली त्याची. पेंटशॉपचा गव्हाणे म्हणाला, "आई इटलीची आन् बाप पिंपरीचा. बारशाला मात्र फक्त मामाकडचे." सगळे हसले, मीही हसलो. छत कुणाचं हे त्या टेबलावर मला एकट्याला माहीत होतं, आणि मी पोहे खात होतो.

दोन वर्षांनी संगमनेरजवळ चालत्या लुचियाचं मागचं दार उघडलं. एक बाई बाहेर फेकली गेली. लग्नाला निघाली होती. जागच्या जागी गेली.

पेपरात आलं, विधानसभेत प्रश्न विचारला गेला, सरकारने चौकशी नेमली. साहेबांनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी टेबल रिकामं होतं आणि दार त्यांनी स्वतः उठून लावलं.

"डोईफोडे, ही गाडी कुठली?"

मी दोन वर्षांत शहाणा झालो होतो. "इटालियन, साहेब."

"चूक. गाडी आपण बनवली. तुरिनवाल्यांनी नुसतं चित्र दिलं, पुढे इथल्या लोकांनी त्यात काय काय बदल केले, त्याला ते काय करणार? त्यांचं नाव खराब झालं तर आपली गाडी विकणार कोण?" त्यांनी आवाज खाली आणला. "त्यांच्याकडे दाराचं अठराच्या खुंटीचं ड्रॉइंग तयार आहे, जुनी तारीख घातलेलं. त्यांची बाजू त्यांनी सांभाळली. आपल्या ड्रॉइंगवर बारा आहे. ते अठराचं बारा इथे कुणीतरी केलं असणार."

"कुणी?"

"बदल करायची खोड कुणाला होती?"

मला कळायला वेळ लागला नाही. तेवढा मी बुद्धू नव्हतो.

"त्यांनी तर अठराची करा म्हणून चिठ्ठी दिली होती, साहेब."

"आहे का ती?"

ती माझ्या कपाटात होती. मी नाही म्हणू शकलो असतो. ती खिशात घालून थेट चौकशीवाल्यांकडे जाऊ शकलो असतो. मी गेलो आणि ती आणून दिली. सरपोतदारांनी वाचली, चार घड्या घातल्या आणि पाकिटात ठेवली.

"बदलाच्या रकान्यात फक्त दोन अक्षरं आणि एक तारीख," ते म्हणाले. "त्यांचं अक्षर तुमच्याइतकं कुणाला येतं? आणि म्हातारा वाईत बसलाय. पेन्शनीत निघालेल्या माणसाला कोण काय करतंय?"

एक्केचाळीस ठिकाणांहून मी जी अक्षरं खरवडली होती, ती बेचाळिसाव्या ठिकाणी लिहिली. जिथे ती कधीच नव्हती तिथे. अक्षर जमलं म्हणून क्षणभर बरं वाटलं, ही त्यातली सर्वांत घाण गोष्ट. मग शाई नवी दिसू नये म्हणून मी तिच्यावर बोट फिरवून ती थोडी मळवली.

चौकशी पुण्यात होती, एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. चौकशी अधिकारी निवृत्त न्यायाधीश होते, कानाने जरा कमी. खोलीत मागे एक माणूस आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बसला होता. तो गेलेल्या बाईचा नवरा, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

मास्तर पहिल्या रांगेत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. माझ्याकडे बघून त्यांनी ओळखीची मान हलवली.

आधी मला बोलावलं.

"ही सही कुणाची?"

"चिंतामणी आठल्ये यांची," मी म्हणालो.

"ओळखता?"

"पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो."

मग मास्तरांना बोलावलं. ड्रॉइंग त्यांच्यासमोर पसरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कोपऱ्यातल्या त्या दोन अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिले. तिकडे सरपोतदार वकिलाच्या कानात काहीतरी बोलत होते.

"ही सही आपली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मास्तरांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या मागच्या मुलीकडे पाहिलं.

"कंपनीचं म्हणणं काय आहे?" त्यांनी विचारलं. "हे ड्रॉइंग माझं, हे कंपनीला मान्य आहे?"

"मान्य आहे," सरपोतदार उठून म्हणाले.

"लेखी?"

"जबाबात दिलंच आहे."

"मग माझंच," मास्तर म्हणाले. "सही माझी, ड्रॉइंग माझं, आणि दारही माझं."

मागे तो माणूस उभा राहिला. त्याने मुलीचा हात धरला आणि तो खाली बसला. मास्तर त्याच्याकडे वळले नाहीत, वळायची ताकद नसावी. त्यांनी टेबलाची कडा घट्ट धरलेली मला दिसत होती.

"आता एक नोंद घ्या, साहेब," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. "आमच्या ऑफिसचा नियम आहे. ज्याचं ड्रॉइंग, त्याला ते रद्द करता येतं. मी हे ड्रॉइंग रद्द करतो. रद्द ड्रॉइंगचा भाग रस्त्यावर ठेवता येत नाही. या दाराच्या नऊ हजार गाड्या फिरतायत. त्या सगळ्यांच्या खुंट्या बदला. अठराच्या करा."

सरपोतदार ताडकन उठले. "हे निवृत्त झालेत. यांना असा काही अधिकार नाही."

"ड्रॉइंग माझं म्हणायला मी निवृत्त नव्हतो वाटतं," मास्तर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी कानामागे हात धरला. "असा नियम आहे का? कोण सांगेल?"

सांगणारा मीच होतो. ड्रॉइंग ऑफिसचा प्रमुख. वही माझ्या कपाटात. सरपोतदार माझ्याकडे रोखून बघत होते.

"आहे," मी म्हणालो. "अकरावा."

त्या क्षणी मी दुसरंही बोलू शकलो असतो. ती सही मी केली, एवढे चार शब्द. नाही बोललो. जेवढं खरं मला परवडत होतं तेवढंच बोललो, आणि खाली बसून रुमालाने मान पुसली.

चौकशी अधिकाऱ्यांच्या आदेशावरून खुंट्या बदलल्या गेल्या. कंपनीने त्याला 'मोफत तपासणी शिबिर' असं नाव दिलं आणि येणाऱ्याला चहा-बिस्किटं ठेवली. नवं ड्रॉइंग तुरिनहून आलं, त्यांच्या शिक्क्यासकट. मी ते उघडलं आणि बघत राहिलो. मास्तरांच्या चिठ्ठीतलं माप न् माप, कडेची गोलाई, मुळाशी दिलेला तिरका टेकूसुद्धा. सरपोतदारांच्या पाकिटातली घडी इटलीला जाऊन आली होती. पुढच्या जाहिरातीत छापलं, 'आता सुधारित इटालियन सुरक्षा-लॉक'. पेपरात आधीच येऊन गेलं होतं: स्थानिक ड्राफ्ट्समनच्या चुकीने बळी. नाव, वय आणि गावासकट. म्हणजे बाई मारणारं दार पिंपरीचं आणि वाचवणारं दार इटलीचं. मी तो कागद फायलीला लावला.

सहा महिन्यांनी मी वाईला गेलो. का गेलो? माफी मागायला, असं मी एसटीत स्वतःला सांगितलं होतं. मास्तर ओटीवर बसून पेन्सिली तासत होते. शाळेतल्या मुलांची चित्रकलेच्या इलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी ते फुकट करून घ्यायचे. पेपरात नाव आल्यावर शाळेने येऊ नका म्हणून सांगितलं होतं. पेन्सिली मात्र ते रोज तासत.

"मास्तर, ती सही..." मी सुरुवात केली.

"पस्तीस वर्षं सही करतोय. माझी कुठली नि दुसऱ्याची कुठली, मला कळत नाही होय?" त्यांनी फुंकर मारून भुगा उडवला. "चांगली केली होतीस. वळण मीच शिकवलेलं."

"मग तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?"

"नाही म्हटलं असतं तर दार इटलीचं की पिंपरीचं यावर दहा वर्षं वकील भांडले असते. दार तसंच राहिलं असतं. ते म्हणाले तुझं, मी म्हटलं माझं. माझं म्हटल्याशिवाय मला ते रद्द करता येत नव्हतं." ते थांबले. "त्या पोरीच्या बापाला मात्र सांगता आलं नाही. तो मला खुनी समजतो. समजू दे."

त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला त्यांचाही राग आला. त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी वाईला आलो होतो ते शिव्या खाऊन हलकं व्हायला, हे मला तिथे कळलं.

काकू चहा घेऊन आल्या. अंबाडा आता पांढरा झाला होता. कपाटावर ते पितळी मॉडेल होतं, त्याच्या टपावर काकूंनी देवाच्या वाती वाळत घातल्या होत्या. त्यांनी माझ्या हातात कप दिला आणि समोर पाटावर बसल्या.

"दाराच्या कागदावर ह्यांची सही तुम्ही केलीत म्हणे," त्या म्हणाल्या.

मी कप पाटाशेजारी ठेवला.

"हुबेहूब जमली म्हणे. ह्यांनीच सांगितलं, कौतुकाने." त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला. "मग छताच्या कागदावर पण करा की एक. तिथली तर खरीच होती. माझा अंबाडा आहे तो."

"जाऊ दे ग," मास्तर म्हणाले.

"मी कुठे काय म्हणते? त्यांना येते म्हणून सांगितलं."

चहा मी संपवला. करतो म्हणालो. दोघांच्या पाया पडून निघालो, मास्तरांनी एसटी स्टँडपर्यंत सोबत केली आणि खिडकीची जागा बघून दिली.

त्यानंतर मी अकरा वर्षं नोकरीत होतो. छताचं ड्रॉइंग माझ्याच कपाटात, वरून तिसऱ्या खणात. कोपऱ्यात खरवडल्याचा पुसट डाग, प्रिंट काढली की ढगासारखा उमटायचा. किल्ली माझ्याच खिशात, पेन समोर, आणि ऑफिसात मला विचारणारं कुणी नव्हतं. दोन अक्षरं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. मला लिहिता येत होती.

मी लिहिली नाहीत.